अक्काच्या कॅमेऱ्याची बारा मीटर वायर

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं केबली जोडून निवृत्त झालेल्या त्या माणसाला गल्लीत सगळे ‘जॉइंटर’ म्हणत. ही हाक त्याला आवडायची. साहेब काय, कोणालाही म्हणतात; जॉइंटर म्हणवून घ्यायला हातात काहीतरी असावं लागतं, असा त्याचा हिशेब. आणि आपल्या हातात काय आहे, हे तो कोणी न विचारताही सांगे. चौतीस वर्षांत त्याने बंद केलेला एकही जॉइंट दुरुस्तीसाठी पुन्हा उघडावा लागला नव्हता. रस्ता खणणाऱ्यांनी कुदळ घालून तोडले असतील, उंदरांनी कुरतडले असतील, ते ज्याचं त्याच्या नावावर. पण बसवलेला जॉइंट आपणहून सुटला, असं तक्रारवहीत त्याच्या नावापुढे एकदाही आलं नव्हतं. हे ऐकून ऐकून बायकोचे कान इतके किटले होते की, तो ‘चौतीस’ म्हणाला की ती उठून भांडी लावायला जायची.

ज्या एका माणसापुढे हे चौतीस वर्षांचं भांडवल चालत नसे, ती त्याची थोरली बहीण. तो अडुसष्टचा, अक्का अठ्ठ्याहत्तरची, आणि तिच्या लेखी तो अजून बारक्या. अक्काने आयुष्य वजनकाट्यावर काढलं होतं. मालाच्या गाड्या तोलायला येत तिथल्या काचेच्या खोलीत बसून ती भरल्या गाडीचं वजन घेई, रिकाम्या गाडीचं घेई, आणि दोन्हींतला फरक पावतीवर टाकी. ड्रायव्हर तिला काटाबाई म्हणत. पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील. ताडपत्रीखाली दोन हमाल झोपवून वजन वाढवायचा डाव तिने इतक्या वेळा पकडला होता की, पुढे पुढे ती काट्याकडे पाहायच्या आधी ताडपत्रीवर काठी आपटायला लागली. आतून कोणी ‘आई गं’ म्हणालं की पावती थांबली. तिच्या तोंडून कौतुक निघालेलं मात्र कोणी ऐकलं नव्हतं. बरोबर असलं की ती ‘बरोबर’ म्हणे. चुकलं असलं तर जास्त बोले.

अक्का एकटी राहायची. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याखाली हातभर अंगण. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा दूरच्या शहरात. जॉइंटरचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. सगळं नीट चाललं होतं. मग एका सकाळी ओट्याच्या पायरीवर तिचा पाय सटकला आणि दीड तास ती तिथेच बसून राहिली. तिने हे कोणाला सांगितलं नाही. पण दूधवाल्याने तिला हात देऊन उठवलं होतं, आणि दूधवाल्याच्या पोटात काही राहत नाही. मुलाला कळलं. मुलगा सुट्टी काढून आला आणि दारावर एक कॅमेरा बसवून गेला. कॅमेऱ्यातून ओटा, पायरी आणि अंगण दिसायचं, आणि ते सगळं त्याला तिकडे फोनवर दिसायचं. विजेची भानगड नको म्हणून सोबत वहीच्या पानाएवढं सौर पॅनेल होतं. ऊन पडलं की पॅनेल कॅमेऱ्याची बॅटरी भरत राहणार, कोणी बघायला नको.

फक्त ऊन पडायला हवं होतं. अक्काच्या घराला लागून तीन मजली इमारत उभी, आणि तिची सावली दिवसभर दारावर बसलेली. पॅनेलची वायर तीन मीटरची, म्हणजे पॅनेलही दाराजवळच. सकाळी पाऊण तास ऊन यायचं, तेही उपकार केल्यासारखं. तीन आठवड्यांत बॅटरी संपली आणि एका दिवशी सकाळी अकराला कॅमेरा बंद पडला.

मुलाने फोन लावला. अक्का न्हाणीत, फोन स्वयंपाकघरात. त्याने पाच वेळा लावला आणि मग शेजारच्या तिघांना कळवलं. अक्का डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तेव्हा अंगणात तीन पुरुष उभे, त्यातला एक भिंतीवरून उडी मारताना ढोपर सोलून घेतलेला. तिने त्याच्या ढोपराला हळद लावली आणि तिघांनाही सांगितलं, रडायला आला असाल तर आत येऊन बसा, अजून वेळ आहे.

तिला हसू आलं, मुलाला आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर जे सांगितलं ते असं: त्याच्या शहरात म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा आहे, डॉक्टर आहे, हाकेला माणूस आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तिथली खोली त्याने धरून ठेवली आहे. अक्काने आधी नाही म्हटलं, मग आवाज चढवला, आणि शेवटी काट्यावरच्या बाईसारखी सौद्याला बसली. ठरलं ते इतकंच. तीस दिवस कॅमेरा एकदाही बंद पडला नाही, तर ती आपल्या घरात राहील आणि तो पुन्हा विषय काढणार नाही. एकदा जरी बंद पडला, तर ती बॅग भरेल आणि हूं की चूं करणार नाही. अक्काने शब्द दिला. ज्यांना अक्का माहीत आहे, त्यांना हेही माहीत होतं की, आता प्रश्न मुलाला पटवायचा राहिला नव्हता. शब्द हरली असती, तर ती स्वतःच स्वतःला गाडीत बसवून देणार होती.

त्याच संध्याकाळी तिने भावाला बोलावलं. गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, दिवसभर ऊन असतं. पॅनेल तिथे न्यायचं. मधे बारा मीटर वायर लागेल, ती तू जोड.

जॉइंटरने पॅनेलसोबत आलेलं माहितीपत्रक वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की वायर वाढवू नये. त्याने पत्रक घडी करून खिशात घातलं. बारा मीटर. ज्याने गावाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला नेऊन पोचवला, त्याला बारा मीटरची वायर वाढवू नये म्हणून सांगणारे हे कोण, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं आणि अक्काने ते वाचलं.

त्याच्या माळ्यावर टेलिफोनच्या केबलचं एक वेटोळं होतं, दहा जोड्यांची केबल, निवृत्तीच्या वेळी साहेबाला विचारून आणलेली. काळ्या सालीच्या आत वीस बारीक तारा, दोन-दोनच्या दहा जोड्या, प्रत्येक तारेला आपला रंग. दुसऱ्या दिवशी त्याने पॅनेल गच्चीवर नेऊन उन्हाकडे तोंड करून बसवलं, त्याची वायर मधोमध कापली, आणि दोन तुकड्यांच्या मधे आपली केबल घातली. एक जॉइंट वर टाकीपाशी, एक खाली दाराच्या पत्र्याखाली. त्याने पहिली जोडी घेतली, पांढरी-निळी. तारा पिळल्या, कथलाचा डाग दिला, नळी चढवली, पट्टी गुंडाळली. बाकीच्या नऊ जोड्या खात्याच्या शिस्तीप्रमाणे सारख्या कापून, दुमडून, बाजूला बांधून ठेवल्या. एका गिऱ्हाइकाला एक जोडी. उरलेल्या पुढच्या गिऱ्हाइकासाठी राखीव. अक्काच्या घरात पुढचं गिऱ्हाईक कुठून येणार होतं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. चौतीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

काम बघण्यासारखं झालं होतं. केबल भिंतीवर ओळंब्यात, वळणावर अर्धगोल, दर हातावर खिळा. मुलाने अक्काच्या फोनवरही कॅमेरा दिसेल असं करून दिलं होतं; तिथे बॅटरीच्या चित्रात विजेची खूण उमटली, म्हणजे भरणं सुरू. बॅटरी आदल्या दिवशी घरात पूर्ण भरून घेतली होतीच, शंभर टक्के. जॉइंटर दोन पावलं मागे सरकून आपल्या कामाकडे बघत उभा राहिला. अक्काने चहा दिला आणि म्हणाली, बरोबर.

अक्काने त्याच दिवसापासून वही घातली होती. रोज सकाळी सातला बॅटरी किती, ते तारखेपुढे लिहायचं. शंभर, शहाण्णव, एक्क्याण्णव, सत्याऐंशी. चौथ्या दिवशी जॉइंटर म्हणाला, नवीन ऊन आहे, बसायला वेळ लागतो. अक्काने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. नवव्या दिवशी वहीत चौसष्ट होते. सावलीत होतं तेव्हा रोज पाच टक्के जात होते. आता गच्चीवर, दिवसभराच्या उन्हात, साडेचार जात होते. तिने पेन्सिलीने खाली हिशेब मांडला आणि भावाला दाखवला. अर्ध्या टक्क्यासाठी तू शिडी चढलास. या चालीने तेविसाव्या दिवशी संध्याकाळी कॅमेरा जाईल.

अकराव्या दिवशी भाच्याचा, म्हणजे अक्काच्या मुलाचा, फोन आला. पंचावन्न टक्के त्यालाही दिसत होते. तो चांगला मुलगा होता आणि चांगल्या मुलांसारखाच, समजुतीच्या स्वरात, नको तिथे बोट ठेवून बोलायचा. त्याने वायरीबद्दल विचारलं, जॉइंटबद्दल विचारलं, आणि म्हणाला, “मामा, जॉइंट लूज असेल. आता तुमचंही वय झालं, हात थरथरतात माणसाचे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

जॉइंटरने मनाला लावून घेतलं नाही. त्याने फक्त फोन अक्काच्या हातात दिला, अंगणात गेला, आणि आपला उजवा हात समोर धरून बराच वेळ बघत राहिला. हात थरथरत नव्हता. मग थरथरायला लागला, कारण इतका वेळ हात समोर धरला की कोणाचाही थरथरतो.

परत आत येऊन त्याने एक तोड सुचवली. मोबाइल भरायची ती छोटी बॅटरी मिळते, खिशात मावणारी. दोन दिवसांआड रात्रभर लावून ठेवली तर तीस दिवस सहज निघतील. कॅमेरा बंद पडणार नाही, शब्दही राहील.

अक्काने वही मिटली. “ताडपत्रीखाली हमाल झोपवायला सांगतोस?”

तिने त्याला आणखी बोलायला जागा ठेवली नाही. पण तो निघाला तेव्हा आतल्या खोलीत कपाटाचा वरचा दरवाजा उघडल्याचा आवाज त्याने ऐकला. त्या कप्प्यात तिची बॅग असायची. घरी येईपर्यंत तो आवाज त्याच्या कानातून गेला नाही. जेवताना बायकोने विचारलं, आज चौतीस वर्षं नाहीत का, तर त्याने नुसती मान हलवली, आणि ती बिचारी घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली.

बाराव्या दिवशी सकाळी दहाला तो पिशवी घेऊन अक्काकडे आला. शिडी दाराच्या पत्र्याखाली लावली. अक्का खुर्ची घेऊन शिडीशी बसली, तळाच्या दांडीवर एक पाय ठेवून. शिडी धरते आहे, असं तिचं म्हणणं. खरं म्हणजे ती पहारा देत होती. मांडीवर वही होतीच.

जॉइंटर वर चढला आणि जॉइंटसमोर तोंड करून उभा राहिला. पट्टी सोडवायला त्याने जितका वेळ लावला, तितक्या वेळात त्याने तो जॉइंट केला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःचा जॉइंट उघडत होता, आणि उघडताना त्याला वाटत होतं की आत काहीतरी चुकलेलं निघावं. नळी सरकवली. डाग चकचकीत, पीळ घट्ट, तांब्याला कुठे काळपट छटा नाही. त्याने चिमट्याने ओढून पाहिलं. हललं नाही. गच्चीवर जाऊन वरचा उघडला. तोही तसाच.

त्याला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की बरं वाटण्यासारखं काही नाही. जॉइंट निर्दोष आहे आणि बहीण बॅग काढते आहे. निर्दोष जॉइंट घेऊन काय ओवाळायचं आहे का?

त्याने खाली येऊन मल्टिमीटर काढला. कॅमेऱ्यातली पिन उपटली आणि वायरीच्या टोकाशी व्होल्ट मोजले. पॅनेल पाच व्होल्ट देतं आणि इथे, बारा मीटर लांब, पाचच येत होते. थेंबभर कुठे सांडलेलं नव्हतं. त्याने वरून आकडा सांगितला आणि अक्काने वहीत लिहिला.

“पाच निघाले, पाच पोचले,” तो म्हणाला. “लाइन स्वच्छ आहे अक्का. दोष कॅमेऱ्यात असणार. मी सांगतो त्याला.”

अक्काने त्या आकड्यावर पेन्सिल टेकवली.

“बारक्या, हे वजन तू घेतलंस ते गाडी भरलेली असताना की रिकामी?”

“गाडी कुठली?”

“तू पिन काढलीस ना कॅमेऱ्याची. मग कॅमेरा काही खात नव्हता. वायरीवर ओझं नव्हतं. रिकाम्या गाडीला काट्यावर घेऊन तू मला भरल्या गाडीची पावती देतोस? तो जेवत असताना मोज. तेव्हा ताटात किती पडतं ते सांग.”

खात्यात लाइन अशीच मोजत: आधी मोकळी करायची, मग मोजायची. तो इतकी वर्षं तसंच मोजत आला होता आणि ते कधी चुकलं नव्हतं, कारण टेलिफोन चिमणीसारखा खातो. दोन दाणे टाकले की दिवसभर बोलत बसतो. दोन कोस लांब बारीक तारेने नेले तरी त्याला पुरतं. कॅमेरा चिमणी नव्हता. त्याला बॅटरी भरायची होती.

त्याने पिन परत घातली, कॅमेरा भरायला लागू दिला, आणि उघड्या जॉइंटच्या तांब्याला मल्टिमीटरची टोकं लावली. आकडा डळमळला आणि थांबला. तीन पूर्णांक नऊ. जॉइंटच्या अलीकडे तीन पूर्णांक नऊ, पलीकडेही तीन पूर्णांक नऊ. जॉइंट एक कणही खात नव्हता. खात होती ती केसासारखी बारीक तार, जिच्यावर त्याने आयुष्यभर विश्वास टाकला होता. पाचातलं एक आणि वर थोडं ती वाटेतच गिळत होती आणि कॅमेऱ्याच्या तोंडाला पानं पुसत होती.

तो शिडीच्या वरच्या दांडीवर बसला. अक्काने आकडा विचारला. त्याने सांगितला. तिने लिहिला, पाचाखाली, आणि वजाबाकीची रेघ मारली. ती काहीच बोलली नाही, आणि तिला ओळखणाऱ्याला कळलं असतं की हा तिच्याकडून केवढा सन्मान होता.

“माझं चुकलं,” जॉइंटर म्हणाला. “जॉइंट बरोबर आहे. वायर चुकली. मी तिला टेलिफोन समजून बसलो.”

“मग जाड वायर आण.”

तो उठणार होता. दुकान कोपऱ्यावरच होतं, आणि दुकानदाराने त्याला जाड वायर आनंदाने कापून दिली असती, वर विचारलंही असतं की जॉइंटरसाहेब, आज आमच्याकडे कसे. पण उठता उठता त्याची नजर आपल्याच बांधलेल्या मोळीवर गेली. नऊ जोड्या. सारख्या कापलेल्या, दुमडलेल्या, शिस्तीत बसलेल्या, आणि बारा दिवस काही न करता इथून गच्चीपर्यंत गेलेल्या. एका तारेने पाणी भरत नाही, पण दहा तारा खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या तर तीच जाड वायर. खात्याने राखीव ठेवायला शिकवलं होतं, आणि तो शिकवलेलं इतकं नीट पाळत आला होता की, भर दुष्काळात नऊ हंडे पालथे घालून एकाने पाणी भरत बसला होता.

तो हसायला लागला. अक्काला वाटलं, चक्कर आली. तिने शिडीवरचा पाय आणखी दाबून धरला.

मग त्याने काम केलं, आणि ते काम अक्काने पूर्ण पाहिलं. इतकी वर्षं तो जे सांगत आला होता ते तिने कधी पाहिलं नव्हतं; तो खड्ड्यात असायचा, ती काचेत. त्याने वीस तारा पंख्यासारख्या पसरल्या. पांढऱ्या आणि तांबड्या एका बाजूला, निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी दुसऱ्या बाजूला. नजर न उचलता, पाढे म्हणावेत तसे रंग पुटपुटत. दहा तारांची साल त्याने एका मापाने सोलली, एकही टोक बोटाच्या नखाएवढंसुद्धा पुढेमागे नाही. दहांचा मिळून एक पीळ घातला, वेणीसारखा, आणि डाग दिला तेव्हा कथील त्या पिळात मुरत गेलं, थेंब होऊन कुठे लोंबलं नाही. मग दुसरी बाजू. मग गच्चीवर जाऊन पुन्हा तेच. दुपारचं ऊन टाकीवरून त्याच्या मानेवर उतरलं होतं. अक्काने खालून दोनदा टोपी घाल म्हणून ओरडून पाहिलं. त्याने ऐकलं नाही, तेव्हा तिने भरलेला तांब्या शिडीच्या तळाशी नेऊन ठेवला आणि परत खुर्चीत बसली. हात थरथरतात का, ते ती बघत होती. थरथरत नव्हते.

चार वाजता तो खाली आला. पिन आत, कॅमेरा जेवायला बसलेला. या वेळी मल्टिमीटरची टोकं लावायच्या आधी तो अक्काला म्हणाला, गाडी भरलेली आहे, बघून घे. अक्काने कॅमेऱ्याकडे पाहिलं, पिन पाहिली, आणि मान हलवली.

चार पूर्णांक नऊ.

तिने तो आकडा लिहिला. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाली, “तुझं चौतीस वर्षांचं ते काय ते, सांग बरं एकदा. नीट ऐकते.”

जॉइंटर आयुष्यात पहिल्यांदा ते सांगायला लाजला.

त्यानंतर वही उलट्या दिशेने चढायला लागली. एक्कावन्न, चौपन्न, एकोणसाठ, त्रेसष्ट. विसाव्या दिवशी त्र्याऐंशी. मग तीन दिवस आभाळ दाटून राहिलं आणि आकडा शहात्तरपर्यंत खाली आला. त्या तीन दिवसांत जॉइंटर अक्काकडे रोज चार खेपा घालत होता, कधी साखर संपली म्हणून, कधी चाललो होतो म्हणून, आणि दर खेपेला मान वर करून आभाळाकडे असा बघत होता जणू तिकडेही कोणीतरी जॉइंट ढिला ठेवला आहे. चौथ्या दिवशी ऊन पडलं. तेविसाव्या दिवसाची संध्याकाळ तोवर येऊन गेली होती. अक्काने ती मुद्दाम ओट्यावर, कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून, चहा पीत घालवली होती, म्हणजे तिकडे फोनवर नीट दिसावं.

तिसाव्या दिवशी भाचा आला. गाडी घेऊनच आला होता. मागची सीट सामानासाठी मोकळी केलेली अक्काने खिडकीतूनच पाहून ठेवली. तो फाटकातून आत शिरला तसा त्याच्या खिशातला फोन वाजला. दारात एक माणूस आला आहे, असं कॅमेरा त्याला कळवत होता. अक्का म्हणाली, बघ कोण आहे, ओळखीचा असला तर आत घे.

तिने त्याला आधी वही दिली. तो वाचत गेला. घसरण, मग बाराव्या दिवशी पाच, खाली तीन पूर्णांक नऊ, रेघ, मग चार पूर्णांक नऊ, मग चढण. शेवटचा आकडा अठ्ठ्याण्णव. भाच्याने एवढ्याशा वहीत मामाची चूक आणि मामाची दुरुस्ती, दोन्ही एकाच अक्षरात पाहिली. अक्काने काही लपवलं नव्हतं. त्याने बाराव्या दिवशी काय झालं ते विचारलं, आणि मामाने सगळं सांगितलं, आपण कुठे चुकलो तेही. ते ऐकताना भाचा शिडी चढून पत्र्याखाली गेला आणि जॉइंटवरून बोट फिरवत राहिला. मग उतरून मामाच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला की, हातांबद्दल मी जे बोललो ते बोलायला नको होतं. जॉइंटर म्हणाला, अरे, वय झालंच आहे, खोटं काय त्यात. पण म्हणताना तो ताठ उभा होता.

भाच्याने गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्या जागेला फोन लावला. त्याने आईचं नाव सांगितलं, खोलीचा नंबर सांगितला, आणि खोली नको आहे म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईला रद्द करण्याचं कारण फॉर्मवर भरायचं होतं. भाच्याने फोनवर हात ठेवला.

“कारण विचारतायत. काय सांगू?”

जॉइंटरला वाटलं अक्का म्हणेल, कॅमेरा चालू आहे. तेच खरं कारण होतं आणि तिला नेमकं बोलायची सवय. पण अक्काने भावाकडे पाहिलं, मग पत्र्याखालून गच्चीकडे ओळंब्यात गेलेल्या केबलकडे, आणि एकेक शब्द वेगळा करत, पावती सांगावी तशी म्हणाली,

“लिही म्हणावं, घरी भाऊ आहे. हाताचा पक्का कारागीर आहे.”

भाच्याने फोनवरचा हात काढला आणि तसंच्या तसं सांगितलं. पलीकडची बाई थबकली असावी, कारण त्याला ते पुन्हा सांगावं लागलं. जॉइंटर खिडकीकडे तोंड करून उभा होता. दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं, याचं त्याला काही वाईट वाटलं नाही.